दिव्याच्या उजेडांतील मळा

वसईच्या पश्चिम पट्टींत, सोपाऱ्याच्या प्राचीन बंदराच्या शेजारीं, गास नांवाचें गांव आहे. निर्मळ, वाघोली, भुईगांव, गिरीज हीं त्याच्या आसपासचीं गांवें. या पट्टींतील जमिनीला समुद्राची वाळू आणि खाड्यांचा गाळ दोन्ही लाभलीं, विहिरींना व बावखलांना गोडें पाणी लाभलें, आणि सामवेदी, वाडवळ, माळी, भंडारी अशा कष्टाळू लोकांचा हात लाभला. म्हणून कित्येक पिढ्या येथें केळी, पानवेल, नारळ, भाजी आणि फुलें यांच्या वाड्या हिरव्यागार राहिल्या. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उकरला. त्याच सालीं ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर छापून निघालें व त्यांत वसईच्या बागाइतीची नोंद झाली. इतिहासाच्या अभ्यासकाचें लक्ष बहुधा स्तूपाकडे जातें. परंतु स्तूपांत सांपडलेल्या करंडकाइतकीच मोलाची एक ठेव या वाड्यांत नांदत होती. ती ठेव म्हणजे उजेडाची पारख.

पानवेलीला ऊन पाहिजे, पण तें चाळून आलेलें पाहिजे. माथ्यावर उघडें ऊन पडलें तर पान करपतें व राठ होतें. सावली फार दाट झाली तर वेल नुसती लांबत जाते आणि पान पातळ व बेचव निपजतें. या दोहोंच्या मधला उजेड वेलीस मिळावा म्हणून वाडीवाला शेजारीं केळी राखी, आडोसा उभारी, आणि ऋतु पाहून सावली कमी-अधिक करी. त्याच्याजवळ कसलेंही मोजमापाचें यंत्र नव्हतें. जमिनीवर पडलेला कवडसा केवढा आहे आणि पानाचा रंग कसा आहे, एवढ्यावरून तो निर्णय घेई. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ गोव्यास १५६३ सालीं छापला गेला. त्यांत त्यानें विड्याच्या पानाला निराळें स्थान दिलें आहे, यावरून या पिकाचा मान केवढा होता तें दिसून येतें. पोर्तुगीज गेले, १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई सर केली, पुढें इंग्रज आले व आगगाडी आली. राज्यें बदललीं, तरी वाडीवाल्याचा उन्हासावलीचा हिशेब बदलला नाहीं.

गेल्या पन्नास वर्षांत मात्र हा हिशेब मुळापासून हलला. मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकली. नालासोपारा व विरार येथें इमारतींची दाटी झाली. गोड्या पाण्याचा उपसा वाढला आणि कित्येक विहिरींचें पाणी मचूळ झालें. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती याच कारणासाठीं. २०१४ सालीं पालघर हा वेगळा जिल्हा झाला. या उलथापालथींत अनेक वाडीवाल्यांचीं मुलें-नातवंडें इमारतींतल्या घरांत राहावयास गेलीं. तेथें अंगण नाहीं, विहीर नाहीं, आणि सज्ज्यांत येणारें ऊन समोरच्या इमारतीच्या मर्जीवर अवलंबून. तरी हाताला मातीची संवय असतेच. म्हणून आतां घरांतल्या घरांत रोपें वाढविण्याचा एक कापडी तंबू बाजारांत मिळतो, त्याची चौकशी होऊं लागली आहे. बाहेरून काळा, आंतून चकचकीत, मीटर सव्वा मीटर लांबीरुंदीचा तो तंबू खोलीच्या कोपऱ्यांत मावतो. सूर्याचें काम त्यांत एलईडी दिव्यानें करावयाचें असतें. पण कोणता दिवा घ्यावा, या प्रश्नापाशीं घेणारा अडतो. कारण एका दिव्याला जेवढी किंमत पडते तेवढ्यांत लहान घराचा महिन्याचा बाजार होतो, आणि दिवा चुकला तर पैसाही जातो व रोपेंही जातात.

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. त्याच्या पाठीमागें अडीचशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक असला कीं निवड पुष्कळ सोपी होते.

प्रारंभ पुदिन्याच्या एका डहाळीपासून झाला. १७७१ सालीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यानें बंद कांचेंत मेणबत्ती विझेपर्यंत जाळली, मग त्या बिघडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली. कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळूं लागली. वनस्पति हवा शुद्ध करिते, एवढें त्याला दिसलें; पण त्याचे प्रयोग कधीं साधत, कधीं फसत, याचें कारण त्याला उमगलें नाहीं. तें कारण डच वैद्य यान इंगेनहाउझ यानें १७७९ सालीं प्रसिद्ध केलें. हवा शुद्ध होते ती उजेडांत, आणि तें काम झाडाचीं हिरवीं अंगें करितात. अंधारांत तें काम थांबतें. सूर्याची ऊब नव्हे तर सूर्याचा उजेड झाडाला पोसतो, हा सिद्धान्त येथून रूढ झाला. तंबूंत दिवा टांगणाऱ्यानें पहिला धडा येथेंच घ्यावा. दिव्याखालीं हात धरून ऊब लागली म्हणजे झाडाचें पोट भरलें, असें होत नाहीं.

मग साहजिकच प्रश्न आला कीं, उजेड सूर्याचाच पाहिजे काय? फ्रान्समध्यें हर्वे मांगों यानें १८६१ सालीं विजेच्या उजेडांत रोपांना हिरवा रंग येतो हें दाखविलें. पुढें विल्यम सीमेन्स या जर्मनींत जन्मलेल्या व इंग्लंडांत स्थायिक झालेल्या यंत्रशास्त्रज्ञानें टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या बागेंत विजेच्या कमानी दिव्याखालीं रोपें वाढविलीं व १८८० सालीं रॉयल सोसायटीपुढें आपली हकीकत मांडली. त्यानें रोपांचे चार वांटे केले होते. एक वांटा अंधारांत, एक नुसत्या दिव्यापुढें, एक नुसत्या दिवसाच्या उजेडांत, आणि चौथा दिवसा सूर्यापुढें व रात्रीं दिव्यापुढें. चौथा वांटा सर्वांत जोमदार निघाला. पुढें त्यानें कांचघरांत केळीवरही हा प्रयोग केला, ही गोष्ट वसईकरांना कौतुकाची वाटेल. परंतु त्याला एक ठेंचही लागली. उघडा कमानी दिवा रोपांच्या जवळ ठेवला तेव्हां पानें करपलीं. दिव्यावर साध्या कांचेचें आवरण घातलें तेव्हां तो अपाय टळला. दिव्यांतून निघणारे अतिनील किरण कांचेनें अडविले, असें त्याचें आजचें स्पष्टीकरण आहे.

अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांतील लिबर्टी हाइड बेली यानें हेच प्रयोग पुढें चालविले व १८९१ सालीं त्यांचा अहवाल दिला. दिव्याखालीं सालाद म्हणजे लेट्यूस लवकर तयार झाला, पण पालक मात्र पानें धरण्याऐवजीं तुऱ्यावर गेला. एकाच दिव्यानें एका पिकाचें भलें झालें व दुसऱ्याचें बिघडलें. दिवा चांगला कीं वाईट हा प्रश्न अपुरा आहे; कोणत्या पिकाला चांगला, असेंच विचारलें पाहिजे, हें बेलीच्या अहवालानें स्पष्ट केलें. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे १८८२ सालीं लागले. म्हणजे ज्या काळीं मुंबईच्या लोकांनीं विजेच्या उजेडांत भाजी विकत घेतली, त्याच काळीं परदेशांत विजेच्या उजेडांत भाजी वाढविण्याची खटपट चालू होती.

त्याच १८८२ सालीं हॉलंडांत एंगेलमान यानें एक फार सुंदर प्रयोग केला. लोलकांतून सूर्यकिरण नेऊन त्यानें त्याचे सप्तरंग एका सूक्ष्म शेवाळाच्या तंतूवर पाडले, आणि पाण्यांत प्राणवायूचे भुकेले जंतु सोडले. जंतु तांबड्या व निळ्या पट्ट्यांपाशीं गर्दी करून जमले. हिरव्या पट्ट्यापाशीं थोडे. जेथें प्राणवायु अधिक निघतो तेथें प्रकाश अधिक कामास येतो, हें जंतूंनींच सांगितलें. आपल्या देशांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं वनस्पतींच्या या व्यापारावर सूक्ष्म यंत्रांनीं काम केलें. त्यांचा प्रकाशसंश्लेषणावरील ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. एंगेलमानच्या जंतूंनीं केलेली निवड पुढें शंभर वर्षांनीं दिव्याच्या बाजारांत एका गैरसमजास कारण झाली, ती हकीकत ओघानें येईल.

उजेडाचा रंग व जोर यांच्या जोडीला तिसरी गोष्ट १९२० सालीं उघडकीस आली, ती उजेडाची मुदत. अमेरिकन सरकारच्या शेतकीखात्यांतील गार्नर व अॅलर्ड यांना तंबाखूची एक जात उन्हाळ्यांत फुलेचना. दिवस लहान झाल्यावांचून ती फूल धरीत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. कांहीं झाडें लहान दिवसाचीं, कांहीं मोठ्या दिवसाचीं, व कांहींना दिवसाच्या लांबीचें सोयरसुतक नाहीं. पुढें असें दिसून आलें कीं झाड दिवस मोजीत नसून रात्र मोजतें, आणि रात्रीच्या मध्यें थोडासा तांबडा उजेड पडला तरी तें रात्र मोडली असें समजतें. आपली शेवंती लहान दिवसाची आहे. पुणें जिल्ह्यांतील हरितगृहांत शेवंतीवर रात्रीं दिवे लावितात, तें फूल लांबवून दांडा वाढविण्यासाठीं. आणि फूल आणावयाचें ठरलें म्हणजे काळा पडदा ओढून रात्र मोठी करितात. याच्या उलट, ड्रॅगन फळाच्या निवडुंगाला मोठा दिवस लागतो, म्हणून महाराष्ट्रांतील कांहीं बागाईतदार थंडीच्या रात्रीं शेतांत एलईडीचे दिवे लावून अवेळीं फुलोरा आणतात. त्या दिव्याचें काम झाडाला खाऊं घालण्याचें नाहीं. झाडाला घड्याळ दाखविण्याचें आहे. म्हणून तो मंद असला तरी चालतो. तंबूंतला दिवा मात्र खाऊं घालणारा असावा लागतो. या दोन कामांचा घोटाळा झाला म्हणजे माणूस शेतांतला नऊ वॅटचा दिवा पाहून घरच्या तंबूंतही तसलाच लावतो, आणि रोपें दिव्याकडे मान लांबवून पिवळीं पडतात.

आतां दिव्यांच्या वंशावळीकडे वळूं. तारेचा जुना दिवा विजेचा बहुतेक भाग उष्णतेंत घालवी. त्याखालीं रोप वाढण्यापूर्वीं भाजून निघे. नळीचा दिवा थंड होता व रोपवाटिकेस पुरे, पण फळझाडाला त्याचा जोर कमी पडे. सोडियमच्या पिवळ्या दिव्यानें युरोपांतील कांचघरें अनेक वर्षें चालविलीं. त्याचा जोर मोठा, पण तापही मोठा; घरांतल्या लहान तंबूंत तो म्हणजे शेगडीच.

एलईडी ही या वंशांतली निराळीच शाखा होय. तींत तार तापत नाहीं व वायु पेटत नाहीं. अर्धवाहक स्फटिकांतून वीज जातांच तो स्वतःच्या ठराविक रंगाचा उजेड देतो. अशा स्फटिकांतून उजेड निघतो हें इंग्लंडांत राउंड यानें १९०७ सालीं नमूद केलें; रशियांत लोसेव यानें पुढें त्याचा अभ्यास केला; आणि डोळ्यांस दिसणारा तांबडा एलईडी अमेरिकेंत निक होलोन्याक यानें १९६२ सालीं तयार केला. निळा रंग मात्र तीस वर्षें हुलकावणी देत राहिला. तो जपानांत आकासाकी, अमानो व नाकामुरा यांनीं साधला, आणि त्यांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्यावर पिवळी भुकटी चढविली कीं पांढरा उजेड मिळतो. आज घरोघर लागलेला दिवा तो हाच. १९९१ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें तांबडे एलईडी व थोडा निळा उजेड यांच्याखालीं लेट्यूस वाढविण्यांत आला. पुढें अंतराळस्थानकावर असाच वाढलेला लेट्यूस तेथील प्रवाशांनीं २०१५ च्या ऑगस्टांत खाल्ला. भारतांत २०१५ सालीं उजाला योजना निघाली. सरकारी खरेदींत साध्या एलईडी दिव्याचा भाव २०१४ च्या ३१० रुपयांवरून २०१६ सालीं ३८ रुपयांवर उतरला. अंतराळवीरांची वस्तु अशी दोन वर्षांत वाडीवाल्याच्या आवाक्यांत आली.

येथेंच तो गैरसमज शिरला. पान तांबडा व निळा उजेड खातें, हिरवा परतवितें, म्हणून नुसत्या तांबड्या-निळ्याचा जांभळा दिवा सर्वांत उत्तम, अशी समजूत पसरली. हीं पुस्तकी अनुमानें होतीं. १९७२ सालीं मॅक्री यानें बावीस पिकांच्या पानांवर रंगारंगाचा उजेड पाडून मोजणी केली होती. तींत तांबडा सर्वांत पुढें आला, हें खरें. पण हिरव्याचाही उपयोग पुष्कळ होतो, असें दिसून आलें. हिरवा उजेड पानांत अधिक खोल जातो व खालच्या पानांपर्यंत पोंचतो. शिवाय जांभळ्या उजेडांत पान पिवळें पडलें कीं कीड लागली, हें माणसाच्या डोळ्याला कळतच नाहीं. वसईचा वाडीवाला पानाच्या रंगावरून सारें ओळखी. जांभळा दिवा त्याची हीच विद्या हिरावून घेतो. म्हणून घरासाठीं पांढरा दिवा, आणि त्यांत ६६० नॅनोमीटरच्या गडद तांबड्याची थोडी भर, ही निवड सुरक्षित समजावी.

दुसरी फसगत मापाची. दुकानांतील साधा दिवा ल्यूमेनमध्यें मोजतात. ल्यूमेन हें माणसाच्या डोळ्याचें माप. डोळ्याला हिरवट पिवळा रंग जास्त दिसतो, म्हणून तें माप त्या रंगाला झुकतें देतें. झाडाचें माप निराळें. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या टप्प्यांतील प्रकाशकण किती पडले हें झाड पाहतें. हे कण अगणित असल्यामुळें, जशीं विड्याचीं पानें शेंकड्यानें मोजावीं तसे ते मायक्रोमोलनें मोजतात. दिव्यांतून दर सेकंदाला एकूण किती मायक्रोमोल बाहेर पडतात तें पीपीएफ. आणि पानाच्या जागीं दर चौरस मीटरावर किती पडतात तें पीपीएफडी. हे आंकडे ज्या दिव्याबरोबर छापलेले नाहींत, तो दिवा कितीही झगमगीत असला तरी सोडून द्यावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "हजार वॅट" असतें व कोपऱ्यांत बारीक अक्षरांत "तुल्य" असतें. तो दिवा प्रत्यक्षांत शंभर वॅटच वीज घेतो, असें पुष्कळदां आढळतें. विजेचें बिल खऱ्या वॅटांचें येतें आणि रोपाला उजेडही खऱ्या वॅटांचाच मिळतो. एका जूल विजेंत दिवा किती मायक्रोमोल देतो, ही त्याची खरी कसोटी. जुना सोडियमचा दिवा एकापासून पावणेदोनांपर्यंत देई. चांगला एलईडी आज अडीच ते तीन देतो.

हिशेब एकदां मांडून पाहिला म्हणजे भीति उरत नाहीं. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तंबू आहे, व त्यांत माठ, पालक, लेट्यूस अशी पालेभाजी लावावयाची आहे, असें धरूं. अशा भाजीला दिवसाकांठीं चौरस मीटरास सुमारें १४ मोल उजेड पुरतो. दिवा १६ तास चालला तर दर सेकंदाला सुमारें २४३ मायक्रोमोल पानावर पडले पाहिजेत. पांचांतला एक हिस्सा भिंतींत व वाटेंत वांया जातो असें धरलें, तर दिव्यांतून ३०४ निघाले पाहिजेत. दिवा जुलास अडीच देणारा असला, तर त्याला १२० वॅटांच्या आसपास वीज लागेल. दिवसाला जवळजवळ दोन युनिट, महिन्याला साठाच्या आंत. आपल्या घराच्या बिलांतील युनिटचा दर यास लावावा, म्हणजे भाजीची जुडी केवढ्यास पडते तें दुकानदाराला न विचारतां कळतें. पण येथें बेलीचा पालक आठवावा. सोळा तासांच्या दिवसांत तो तुऱ्यावर जाण्याचा संभव असतो. तेव्हां पालकापुरता दिवा बारा तास ठेवून जोर वाढवावा, म्हणजे एकूण उजेड तोच राहतो. नुसतीं कोवळीं रोपें करावयाचीं असतील तर दीडशें मायक्रोमोल पुरतात. मिरची-टोमॅटोला मात्र चारशें ते सहाशें लागतात. त्याला दिवा दुप्पट व खर्चही दुप्पट.

आंकड्यांनंतर मांडणी. सगळा जोर मध्यावर देणाऱ्या एका ठोकळ्यापेक्षां, तंबूभर पसरलेल्या पट्ट्यांचा किंवा पाटीचा दिवा बरा. कारण त्याखालीं कडेचें रोप उपाशी राहत नाहीं. दिवा उंच नेला कीं उजेड पसरतो व विरळ होतो. खालीं आणला कीं शेंडे पांढरे पडतात. म्हणून दोरीनें वरखालीं करतां येणारा व जोर कमी-अधिक करण्याचें बटण असलेला दिवा घ्यावा. पांढऱ्या दिव्याखालीं मोबाईलच्या लक्समापकानें सोळा-सतरा हजार लक्स दाखविले तर वरील पालेभाजीपुरता उजेड आहे, असा ढोबळ अदमास धरावा. जांभळ्या दिव्यास हें माप लागू पडत नाहीं.

वसईची हवा दमट, ही गोष्ट परदेशी जाहिरातींत लिहिलेली नसते. दिव्यानें घेतलेली सगळी वीज अखेर तंबूंत उष्णता होऊनच राहते; त्यांतच झाडें पाणी बाहेर टाकितात. वारा खेळता नसला तर पानांवर बुरशी धरते. म्हणून दिव्याच्या पैशांतून हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याचे पैसे आधीं काढून ठेवावे. दिव्याचा चालक, म्हणजे वीज बदलून देणारा ठोकळा, तंबूबाहेर टांगतां आला तर आंतला ताप कमी होतो. दिवा पाण्याच्या शिंतोड्यांपासून आयपी-६५ इतका सुरक्षित असावा. त्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असावी. जोडणीला जमिनीची तार व गळती होतांच वीज तोडणारें बटण असावें. पाणी आणि वीज एकाच कोपऱ्यांत नांदणार असल्यामुळें येथें काटकसर करूं नये. हमीचीं वर्षें कागदावर लिहून घ्यावीं, आणि दुरुस्ती कोठें होते तेंही विचारावें.

इतकें केल्यावर तंबूंत काय साधेल? पालेभाजी साधेल, तुळस-पुदिना साधेल, पावसाळ्यांत उजेड कोंदला असतां मिरची-वांग्याचीं निरोगी रोपें साधतील. पुण्यांत २०२२ च्या सुमारास मालवाहू कंटेनरांत केशर फुलविल्याच्या बातम्या आल्या. पण केशराचा भाव निराळा. त्याच्या कंदांत अन्नसाठाही आधींचाच असतो. केळीचा घड दिव्यावर पिकविण्याचा हव्यास धरूं नये. सीमेन्सला तो साधला, पण तो श्रीमंत होता आणि त्याला घड बाजारांत नेऊन घर चालवावयाचें नव्हतें.

शेवटीं एक हिशेब गासच्या वाडीचा. आपल्याकडे स्वच्छ दिवशीं चौरस मीटरावर चाळीस मोलांच्या आसपास उजेड आकाशांतून पडतो. तेवढा उजेड वर सांगितलेल्या चांगल्या दिव्यानें द्यावयाचा म्हटलें, तर चौरस मीटरास दिवसाला साडेपांच युनिटें लागतात. एक गुंठा म्हणजे एकशें एक चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्यावर सूर्य एका दिवसांत जें टाकतो, तें विजेनें आणावयाचें तर साडेपांचशें युनिटें जाळावीं लागतील. आणि तीं एका दिवसाचीं. ज्या गुंठ्यावर इमारत उभी राहिली त्याची किंमत दस्तांत रुपयांनीं लिहिली जाते. हा आंकडा कोणत्याही दस्तांत नसतो. वाडीवाल्याच्या आजोबांनीं तो कधीं मांडला नाहीं, कारण त्यांना तो उजेड विकत घ्यावा लागला नाहीं. त्यांच्यापुढें प्रश्न एवढाच होता कीं, आलेल्या उजेडांतून पानवेलीसाठीं किती राखावा व किती अडवावा.

ज्याची वाडी गेली त्यानें तंबू घ्यावा, दिवा पारखून घ्यावा, आणि हात मातींत ठेवावा; त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. सावली मोजणाऱ्याचा नातू उजेड मोजूं लागला, तर ती विद्या एका अर्थीं घरांतच राहिली. परंतु ज्याची वाडी अजून आहे, त्यानें दिवा विकत घेण्यापूर्वीं एकदां दुपारीं केळीच्या बुंध्याशीं उभें राहून खालीं पडलेले कवडसे पाहावे. साडेपांचशें युनिटांचा तो दिवा रोज उगवतो, आणि त्याचें बिल कोणीही पाठवीत नाहीं.